जाइव्ह नृत्य आणि हाताची भाषा

ज्युबिलीच्या स्मरणिकेसाठीं कांहींतरी लिहून द्यावें अशी संपादक मंडळाची सूचना आली, तेव्हां मीं प्रथम टाळाटाळच केली. देवालयाची उभारणी, शाळेची वाढ, आजवरच्या धर्मगुरूंची परंपरा या विषयांवर अधिकारी व्यक्तींनीं लिहावें हेंच योग्य. परंतु एक विषय असा आहे कीं, त्याचा अनुभव आपल्यापैकीं बहुतेक कुटुंबांना आहे, मात्र त्याची हकीकत मराठींत सांगितलेली सहसा आढळत नाहीं. लग्नाचा केक कापून होतो, टोस्ट होतो, वॉल्ट्झ संपतो, आणि बॅंडवाले एकदम चाल बदलतात. पन्नाशी उलटलेलीं माणसेंही मग खुर्च्या मागें सारून उठतात. तो नाच म्हणजे जाइव्ह. हा नाच कोठें जन्मला, आपल्यापर्यंत कसा आला, आणि त्यांत जोडीदाराचा हात कसा धरावा या साध्या वाटणाऱ्या गोष्टीला एवढें महत्त्व कां आलें, हें वाचकांपुढें मांडण्याचा विचार आहे.

हाताचाच विषय कां निवडला, याला एक खासगी कारण आहे. तें आरंभींच कबूल केलेलें बरें. सुमारें चाळीस वर्षांपूर्वीं माझ्या मामेबहिणीच्या लग्नांत मीं प्रथमच सर्वांसमक्ष जाइव्ह नाचलों. शिकलों होतों तें सिनेमे पाहून. नवरीच्या एका मैत्रिणीला मीं नाचासाठीं विचारलें व तिनें आनंदानें होकार दिला. तिचें मनगट मुठींत आवळून मीं तिला एकामागून एक गिरक्या देत राहिलों. सारा मांडव आपल्याकडे कौतुकानें पाहत आहे असें मला वाटत होतें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं मिस्साच्या वेळीं तिच्या मनगटाला ओला फडका बांधलेला दिसला. मनगट सुजलें होतें. ती कांहीं बोलली नाहीं, परंतु माझ्या थोरल्या मावशीनें मला बाजूस घेऊन सांगितलें, "अरे बाबा, तूं तिचा हात पकडलास. जाइव्हमध्यें हात पकडायचा नसतो, द्यायचा असतो." त्या शब्दांचा अर्थ त्या वेळीं मला नीटसा उमगला नाहीं. पुढें या नाचाचा इतिहास वाचतां वाचतां तो उलगडत गेला.

जोडीनें नाचण्याची ही पद्धत मुळांत यूरोपची. अठराव्या शतकाच्या अखेरीस व एकोणिसाव्याच्या आरंभीं वॉल्ट्झ हा नाच जर्मन व ऑस्ट्रियन प्रदेशांतून सर्वत्र पसरला. त्यापूर्वींच्या दरबारी नाचांत स्त्रीपुरुष बोटांना बोटें लावून अंतर राखून चालत. वॉल्ट्झमध्यें तीं समोरासमोर जवळ येऊन एकत्र गिरक्या घेऊं लागलीं. याचा मोठा गवगवा झाला. १८१६ सालीं इंग्लंडच्या प्रिन्स रीजंटच्या नृत्यसमारंभांत वॉल्ट्झ झाला, तेव्हां लंडनच्या 'टाइम्स' पत्रानें त्याचा कडक शब्दांत निषेध केला. त्या वादांत आपणांस शिरावयाचें नाहीं. आपल्या विषयाच्या दृष्टीनें ध्यानांत घेण्याची गोष्ट इतकीच कीं, या पकडींत पुरुषाचा उजवा हात स्त्रीच्या पाठीच्या वरच्या भागावर असतो, आणि दोघांचीं शरीरें इतकीं जवळ असतात कीं त्यानें वळण घेतलें कीं तिला तें आपोआप कळतें. इशारा द्यावा लागतो, पण त्यासाठीं सबंध शरीर हाताशीं असतें. वॉल्ट्झमागून आलेल्या फॉक्सट्रॉटचीही तीच रीत.

ही रीत मोडली ती न्यूयॉर्क शहराच्या हार्लेम या भागांत. अमेरिकेच्या दक्षिणेकडील संस्थानांत आफ्रिकी वंशाच्या लोकांना जो जाच सोसावा लागे, त्याला कंटाळून विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत लक्षावधि लोक उत्तरेच्या शहरांत आले. त्यांच्याबरोबर त्यांचें संगीत आलें व नाचही आले. हार्लेममध्यें लेनॉक्स ॲव्हेन्यूवर १४० व १४१ या रस्त्यांच्या दरम्यान १२ मार्च १९२६ रोजीं सॅव्हॉय बॉलरूम नांवाचें भव्य नृत्यगृह उघडलें. एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत रस्त्याची सबंध बाजू त्या इमारतीनें व्यापली होती. आंत वादकांसाठीं दोन व्यासपीठें होतीं. एक बॅंड थांबतांच दुसरा सुरू होई व नाचणाऱ्यांना उसंत अशी मिळतच नसे. तेथील चिक वेब या ढोलवादकाचा बॅंड विशेष गाजला. अंगानें ठेंगणा व पाठीच्या कण्याच्या विकारानें जर्जर असलेला हा मनुष्य साऱ्या सभागृहाला आपल्या तालावर नाचवीत असे.

या नाचघरांत पूर्वींच्या चार्ल्स्टन इत्यादि नाचांत नवे प्रकार मिसळले गेले व एक नवाच नाच तयार झाला. त्याला 'लिंडी हॉप' असें नांव पडलें. चार्ल्स लिंडबर्ग या वैमानिकानें मे १९२७ मध्यें एकट्यानें अटलांटिक महासागर ओलांडला होता व त्याचें नांव सर्वतोमुखीं झालें होतें. १९२८ सालच्या एका दीर्घकाळ चाललेल्या नृत्यस्पर्धेंत जॉर्ज स्नोडेन या नर्तकाला एका बातमीदारानें 'हें काय नाचतोस?' असें विचारलें, तेव्हां त्यानें लिंडबर्गच्या नांवावरून हें उत्तर दिलें, अशी आख्यायिका आहे. ती अक्षरशः खरी असो वा नसो, त्या नाचाचें मर्म मात्र स्पष्ट आहे. नाचतां नाचतां पुरुष आपल्या जोडीदारणीला दूर सोडी. दोघेंही हातभर अंतरावर जाऊन आपआपल्या परीनें पायांची करामत दाखवीत आणि पुन्हा एकत्र येत. या दूर जाण्याला तेथें 'ब्रेकअवे' म्हणत.

वरवर पाहतां हा एक गंमतीचा बदल. परंतु नाचाच्या अंतर्गत व्यवस्थेंत त्यानें केवढी उलथापालथ केली तें पाहावें. आतां छातीचा, पाठीचा, गुडघ्याचा कसलाही स्पर्श उरला नाहीं. पुरुषाच्या मनांत पुढें काय करावयाचें आहे, हें स्त्रीला कळण्याचा एकच मार्ग राहिला, आणि तो म्हणजे दोघांमधला एक हात. जें काम पूर्वीं सबंध शरीर करीत होतें, तें चार बोटांवर येऊन पडलें. जाइव्हमधील हाताच्या पकडीचा सारा इतिहास या एका घटनेतून निघाला आहे असें म्हणावयास हरकत नाहीं.

याच सॅव्हॉयमध्यें फ्रॅंकी मॅनिंग (१९१४–२००९) हा तरुण नर्तक पुढें आला. १९३५ सालीं एका स्पर्धेंत त्यानें आपली जोडीदारीण फ्रीडा वॉशिंग्टन हिला पाठीला पाठ लावून उचललें व आपल्या पाठीवरून पलीकडे उतरविलें. जमिनीवरचा नाच हवेंत गेल्याचा हा पहिला प्रसंग समजला जातो. अशा वेळीं हातांत केवळ इशारा नसतो, दुसऱ्याचा जीव असतो. मॅनिंग, नॉर्मा मिलर (१९१९–२०१९) व त्यांचे सोबती पुढें देशोदेशीं गेले आणि १९४१ सालच्या 'हेल्झापॉपिन' या चित्रपटांत त्यांचें नृत्य जगानें पाहिलें. युद्धानंतर लोकांची आवड बदलली. मॅनिंग यांनीं अनेक वर्षें टपाल खात्यांत नोकरी केली. १९८० नंतरच्या दशकांत कांहीं तरुण त्यांना शोधीत आले, तेव्हां सत्तरीच्या उंबरठ्यापलीकडे गेलेल्या या गृहस्थांनीं पुन्हा जगभर शिकवावयास आरंभ केला.

येथें एक गोष्ट सांगितल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. त्या काळच्या अमेरिकेंत काळ्या व गोऱ्या लोकांनीं एका ठिकाणीं बसावें, जेवावें, नाचावें हें बहुतेक ठिकाणीं निषिद्ध होतें. हार्लेममधल्याच 'कॉटन क्लब'मध्यें नाचणारे काळे व पाहणारे गोरे अशी व्यवस्था होती. सॅव्हॉयचें दार मात्र प्रारंभापासून सर्वांना खुलें होतें. तेथें कोणाचा हात कोणाच्या हातांत पडेल याला वर्णाचें बंधन नव्हतें, विचारलें जाई तें एवढेंच कीं, 'नाचतां येतें काय?' १९४३ सालीं अधिकाऱ्यांनीं कांहीं महिने हें नाचघर बंद पाडलें. कारण अनीतीचें दिलें गेलें, पण काळ्यागोऱ्यांचें एकत्र नाचणें हेंच खरें कारण असल्याचें हार्लेमच्या लोकांचें मत होतें. १९५८ सालीं तें कायमचें बंद झालें व पुढें इमारत पाडण्यांत आली. २००२ सालीं त्या जागीं एक स्मृतिफलक लावला गेला, तेव्हां मॅनिंग व नॉर्मा मिलर हे दोघेही वृद्ध कलावंत हजर होते.

'जाइव्ह' हा शब्दही याच लोकांच्या बोलींतला. थट्टेचें, आडवळणाचें बोलणें असा त्याचा एक अर्थ. पुढें तो त्या संगीताला व नाचालाही लावण्यांत आला. कॅब कॅलोवे या लोकप्रिय गायकानें १९३८ सालीं या बोलीचा एक लहानसा शब्दकोशच प्रसिद्ध केला होता. हें नांव व हा नाच यूरोपांत नेला तो अमेरिकन सैन्यानें. जानेवारी १९४२ मध्यें पहिली तुकडी उत्तर आयर्लंडमध्यें उतरली, आणि जून १९४४ पर्यंत ब्रिटनमधील अमेरिकन शिपायांची संख्या सुमारें १५ लाखांवर गेली. सायंकाळीं हे शिपाई गांवोगांवच्या नाचघरांत जात. शिस्तीनें एका दिशेनें फिरणाऱ्या इंग्रज जोडप्यांमध्यें हे एकाच जागीं उभे राहून हातपाय झाडणारे लोक पाहून व्यवस्थापक हवालदिल झाले. कित्येक नाचघरांत असल्या नाचाला मनाई करणाऱ्या पाट्या लागल्या. पाट्यांचा उपयोग झाला नाहीं. इंग्रज मुली नवा नाच शिकल्या, त्यांच्यापासून इंग्रज मुलगे शिकले. व्हिक्टर सिल्व्हेस्टर हे तेथील अत्यंत प्रतिष्ठित नृत्यशिक्षक. १९२२ सालीं त्यांनीं बॉलरूम नृत्याचें जागतिक विजेतेपद मिळविलें होतें. अशा गृहस्थांनींही १९४४ सालीं जाइव्हवर एक पुस्तिका लिहिली. ज्याला कालपर्यंत दाराबाहेर उभें केलें होतें, त्याला आज पाठ्यपुस्तक मिळालें.

या शिपायांतही वर्णभेद होताच. अमेरिकन सैन्यांत काळ्यांच्या पलटणी वेगळ्या असत, आणि कांहीं इंग्रजी गांवांत काळ्या व गोऱ्या शिपायांना नाचघरांत जाण्याच्या रात्री वेगवेगळ्या ठरवून दिलेल्या होत्या. ज्यांनीं हा नाच निर्माण केला, त्यांच्यावरच ही वेळ यावी हा केवढा विपर्यास! जाइव्ह नाचतांना आपण ज्यांचें देणें लागतों, त्यांची ही आठवण आपण ठेवावी असें मला वाटतें.

युद्धकाळच्या त्या नाचघरांत आणखी एक गोष्ट घडली व ती आपल्या विषयाच्या गाभ्याशीं आहे. सॅव्हॉयमधले नर्तक एकमेकांस ओळखत, दिवसरात्र एकत्र सराव करीत. येथें मात्र नेब्रास्काचा शिपाई व लॅंकेशायरची गिरणीकामगार मुलगी यांची भेट त्याच रात्रीं होई, आणि कदाचित् पुन्हा कधींही होत नसे. पूर्वीं ठरविलेलें असें कांहीं नाहीं, सराव नाहीं, आणि बॅंडच्या आवाजांत बोलणेंही ऐकूं येत नाहीं. तरी दोघांनीं न अडखळतां नाचावयाचें. तेव्हां हाताची भाषा ही कोणालाही समजेल इतकी सोपी व स्पष्ट असणें भाग होतें. ही भाषा कशी आहे, तें आतां थोडें विस्तारानें पाहूं.

पहिली गोष्ट पकडीची, किंवा खरें म्हणजे न पकडण्याची. लीड देणारानें आपला डावा हात जोडीदारणीच्या कमरेच्या उंचीवर पुढें करावा. बोटें किंचित् वांकलेलीं, तळवा आंतल्या बाजूस व जरा वर. तिनें आपल्या उजव्या हाताचीं बोटें वरून त्यांत अडकवावीं. आंकड्यांत आंकडा अडकावा इतकेंच. अंगठ्यानें दाबून धरूं नये. याचें कारण साधें आहे. ती जेव्हां हाताखालून गिरकी घेते, तेव्हां तिचा हात त्याच्या हातांत पूर्ण फिरावा लागतो. बोटें सैल असतील तर तो सहज फिरतो. अंगठ्यानें आवळलेला असेल तर फिरण्यास जागा राहत नाहीं आणि तो पीळ प्रथम मनगटांत, मग कोंपरांत व शेवटीं खांद्यांत जातो. चाळीस वर्षांपूर्वीं त्या मुलीच्या मनगटाचें मीं काय केलें होतें, तें हें वाचतांना मला कळलें.

दुसरी गोष्ट ताणाची. जाइव्हचें मूळ पाऊल सहा ठोक्यांचें असतें. प्रथम एक पाऊल मागें व पुन्हा जागेवर, त्यानंतर तीन जलद पाउलें एका बाजूस व तीन दुसऱ्या बाजूस, अशीं एकंदर आठ पाउलें. मागच्या पावलाच्या वेळीं दोघेंही एकमेकांपासून जराशीं दूर जातात व हातांत हलकासा ताण येतो. या ताणांतच इशारा असतो. आपल्याकडील विहिरीवरचा रहाट ज्यांनीं पाहिला आहे, त्यांना हें सांगावयास नको. दोर सैल असेल तर चाक कितीही फिरलें तरी पोहरा हालत नाहीं. दोराला हिसका दिला तर पाणी सांडतें. दोर हळूच ताणला गेला व मग चाक फिरलें, तर पोहरा निमूटपणें वर येतो. हाताचेंही तसेंच आहे. म्हणून स्त्रीनें हात अगदीं लुळा ठेवूं नये व काठीसारखा ताठही ठेवूं नये. कोंपर थोडें वांकलेलें व शरीराच्या पुढें असावें, म्हणजे त्याच्या चालीची बातमी तिच्या खांद्यापर्यंत पोहोंचते.

ताणाच्या उलट दाब. 'अमेरिकन स्पिन' नांवाचा एक प्रकार आहे. त्यांत दोघांचे उजवे हात हस्तांदोलनाप्रमाणें धरलेले असतात. ती त्याच्याकडे येते, क्षणभर दोघांचे तळहात एकमेकांवर टेंकतात, आणि त्या टेंक्यावरून ती स्वतःला फिरवून घेते. हात सुटतो, ती एकटी एक पूर्ण गिरकी घेते व पुन्हा हात मिळतो. पाहणाराला वाटतें कीं त्यानें तिला फिरविलें. वस्तुतः त्यानें फक्त टेंका दिला, फिरली ती स्वतः. टेंका डळमळीत असेल तर ती फिरूं शकत नाहीं, आणि त्यानें ढकललें तर ती तोल गमावते.

तिसरी गोष्ट उंचीची. हात खालीं आहे तोंपर्यंत गिरकी नाहीं. हात वर गेला म्हणजे गिरकी, इतका हा इशारा उघड असावा. वर गेलेला हात तिच्या डोक्याच्या मध्यावर, केसांना न लागेल इतक्या उंचीवर स्थिर राहावा. तो तोंडासमोर आला तर तिला दिसत नाहीं, मागें गेला तर ती मागें कलते. नवशिके पुरुष या वेळीं ताक घुसळतांना रवी फिरवावी तसा हात गरगर फिरवितात. त्याची मुळींच जरूर नाहीं. खुंटीभोंवतीं फिरावें तशी ती त्याच्या एकदोन बोटांभोंवतीं फिरते, आणि खुंटीचें काम स्थिर राहण्याचें.

चौथी गोष्ट वेळेची. इशारा पावलाबरोबर देऊन चालत नाहीं, पावलाच्या किंचित् आधीं द्यावा लागतो. जागा बदलण्याच्या प्रकारांत पहिलीं तीन जलद पाउलें संपत असतांनाच हात वर जावयास हवा, म्हणजे पुढच्या तीन पावलांत ती त्याखालून वळते. तो उशिरा गेला तर ती पुढें निघून गेलेली असते, आणि मग तिला मागें खेंचण्याचा मोह होतो. ओढाताणीचे बहुतेक प्रसंग दुष्टपणानें घडत नाहींत. ज्याला वेळेवर सांगतां आलें नाहीं, तो मागाहून जोर करतो.

पांचवी गोष्ट मौनाची, आणि माझ्या मतें तीच सर्वांत अवघड. कित्येकांना तालावर हात खालींवर हालविण्याची संवय असते. सारखा हालणारा हात म्हणजे सारखा बोलणारा मनुष्य. त्याच्या बोलण्यांत कामाचें कोणतें व वायफळ कोणतें हें ऐकणाराला कळेनासें होतें. सांगावयाचें नसेल तेव्हां हात शांत ठेवावा, म्हणजे सांगावयाचें असेल तेव्हां तो लगेच समजतो. शिवाय हात एकटा हालूं नये. पुरुष स्वतः वळला कीं हात त्याच्याबरोबर जातो. शरीर एक सांगतें आणि हात दुसरें, असें झालें म्हणजे घोंटाळा ठरलेला.

या खुणा पुढें शिक्षकांनीं पद्धतशीर मांडल्या. १९६८ सालीं आंतरराष्ट्रीय स्पर्धांत लॅटिन विभागाचा पांचवा नाच म्हणून जाइव्हचा समावेश झाला. त्याची गति मिनिटाला ४२ ते ४४ मात्रागट, म्हणजे सुमारें १७० ठोके इतकी जलद ठेवली जाते. डावा हात तिच्या उजव्या हातांत ही नेहमींची पकड. उजव्यांत उजवा ही हस्तांदोलनाची. दोन्ही हात धरलेली दुहेरी. एका हातावरून दुसरा नेलेली फुलीची. यांपैकीं प्रत्येक पकड पुढें काय येण्याजोगें आहे याची आगाऊ सूचनाच असते. उजव्यांत उजवा आला कीं जाणती जोडीदारीण गिरकीच्या तयारीनें राहते, आणि हातांची फुली झाली कीं त्याच्या कुशीजवळ येऊन पुन्हा बाहेर पडण्याचा प्रकार येऊं शकतो हें ओळखते. मात्र ओळखणें निराळें आणि आधींच धांवणें निराळें. इशारा येईपर्यंत थांबणें हें तिच्या बाजूचें कौशल्य आहे.

दरम्यान बिल हेली यांच्या रॉक अँड रोल संगीतानें १९५५–५६ च्या सुमारास जगभर धुमाकूळ घातला व या नाचाला नवें आयुष्य मिळालें. फ्रान्समध्यें त्याचें एक साधें, सुटसुटीत रूप टिकून राहिलें. तें पाहून १९८० च्या सुमारास लंडनमध्यें जेम्स क्रोनिन यांनीं 'सेरॉक' नांवाची पद्धत सुरू केली. हें नांव एका फ्रेंच वाक्यावरून घेतलेलें असून त्याचा अर्थ 'हा रॉक आहे' असा होतो. तींत पायांचे ठराविक प्रकार जवळजवळ काढूनच टाकले. मनुष्यानें तालावर चालावें म्हणजे झालें. मग उरलें काय? हात. पाउलें सोडलीं तेव्हां सारा नाच हाताच्या इशाऱ्यावर उभा राहिला. त्या वर्गांत ठराविक वेळानें जोडीदार बदलावयास लावतात, त्यामुळें प्रत्येकाचा हात रोज कित्येक अनोळखी हातांच्या परीक्षेस उतरतो. युद्धकाळच्या नाचघराची ती जुनी अट येथें शिकवणीची पद्धत होऊन बसली. आतां स्त्रियाही लीड देतात व पुरुषही साथ करावयास शिकतात. त्यामुळें दोन्ही बाजूंचें दुःख दोघांनाही कळूं लागलें आहे.

आपल्याकडे हा नाच कसा आला? जॅझ संगीत मुंबईस पूर्वींच पोहोंचलें होतें. १९३५ सालीं लिऑन ॲबी यांचा आफ्रिकी-अमेरिकन वादकांचा बॅंड ताजमहाल हॉटेलांत वाजविण्यास आला. त्यांच्यामागून टेडी वेदरफर्ड इत्यादि वादक आले. त्यांचें संगीत उचललें तें मुख्यतः गोव्याच्या ख्रिस्ती वादकांनीं, आणि याचें श्रेय आपल्या देवालयांस द्यावें लागेल. गोव्याच्या पॅरिश शाळांतून मेस्त लोक मुलांना स्वरलिपि वाचावयास, गावयास व व्हायोलिन वाजवावयास शिकवीत. तेथें मिस्सासाठीं तयार झालेलीं बोटें मुंबईंत येऊन ट्रंपेटवर व सॅक्सोफोनवर फिरूं लागलीं. हळदोणें गांवचे आंतोनियो शाव्हियेर वाझ (१९१६–१९६७) हे 'चिक चॉकलेट' या नांवानें ट्रंपेटवादक म्हणून इतके प्रसिद्धीस आले कीं त्यांना हिंदुस्थानचे लुई आर्मस्ट्रॉंग म्हणत. मुंबई राज्यांतील दारूबंदीनंतर हॉटेलांतलें नृत्यजीवन ओसरलें आणि यांतले कित्येक वादक चित्रपटांकडे वळले. आपले मराठी संगीतकार सी. रामचंद्र यांच्या १९५१ सालच्या 'अलबेला' चित्रपटांतील गाण्यांत चिक चॉकलेट यांचा हात होता. ज्या ठेक्यावर हार्लेममध्यें लोक नाचले, त्याचाच एक दूरचा प्रतिध्वनि अशा रीतीनें महाराष्ट्राच्या गल्लीबोळांत ऐकूं आला.

हॉटेलांतून ओसरलेला हा नाच आपल्या लग्नांत मात्र राहिला. ग्रामोफोनच्या तबकड्या, सिनेमे, आणि मुंबईंत नोकरी करणारे थोरले भाऊ हेच त्याचे शिक्षक. कोणाच्या घरीं पुस्तक नव्हतें. माझ्या मावशीनेंही पुस्तक वाचलें नव्हतें. तरी 'हात द्यायचा असतो' हें वाक्य ती बोलली, कारण आयुष्यभर अनेक मांडवांत नाचून तिच्या बोटांना तें ठाऊक झालें होतें. जें मला समजण्यास अनेक वर्षें व अनेक पुस्तकें लागलीं, तें तिनें एका वाक्यांत सांगितलें होतें.

आपल्या तरुणांपैकीं पुष्कळांना आज जाइव्ह येत नाहीं, आणि येतो त्यांपैकीं कांहींजण माझ्यासारखेच पडद्यावर पाहून शिकलेले असतात. पडद्यावर गिरक्या दिसतात, बोटांतला ताण दिसत नाहीं. तो हातानेंच हाताला शिकवावा लागतो. ज्युबिलीच्या सायंकाळीं बॅंड लागेल तेव्हां आपल्या आजींना, काकांना, मावशींना नुसतें खुर्चीवर बसवून ठेवूं नका. त्यांना उठवा, त्यांच्याबरोबर एक नाच करा, आणि त्यांचा हात कसा असतो तें नीट लक्षांत घ्या. तो हात गेल्यावर कोणत्याही पुस्तकांत सांपडणार नाहीं.

शेवटीं त्या सुजलेल्या मनगटाची गोष्ट पुरी करतों. कांहीं वर्षांपूर्वीं त्याच बाईंच्या मुलीचें लग्न होतें व मला आमंत्रण होतें. जाइव्ह सुरू झाला. मीं धीर करून त्यांच्यापुढें जाऊन डावा हात पुढें केला, अंगठा दूर ठेवून. त्यांनीं क्षणभर माझ्या हाताकडे पाहिलें व हसून आपलीं बोटें त्यांत अडकविलीं. आमचीं वयें पाहतां गिरक्या बेतानेंच झाल्या. नाच संपल्यावर त्या म्हणाल्या, "या वेळीं कोठें जायचें तें मला कळत होतें." चाळीस वर्षांत मला मिळालेल्या प्रशस्तींत या एका वाक्याची किंमत मी सर्वांत अधिक समजतों.